अर्धा पैलू

वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातली आखाजी. सन १९९४. ठिकाण : धुळ्यातलं देवपूर, कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागातली मागची खोली.

हजर : विभागप्रमुख सर. जळगावच्या कॉलेजातून पीएच.डी.साठी रजा घेऊन आलेले एक अधिव्याख्याते, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. विभागाचे शिपाई नाना. ते खरं तर सुट्टीवर, पण त्यांची खोली विभागाच्या मागेच असल्यामुळे हजरच. आणि मी, त्याच विभागात शिकवणारी.

मी त्या दिवशी धरणगावला असायला हवं होतं. आमच्याकडे दिवाळीला लेक आली नाही तर चालतं, आखाजीला आली नाही तर शेजारणी चौकशीला येतात. लग्न झाल्यापासून मी एकही आखाजी चुकवली नव्हती. खापरावरचे मांडे, आमरस आणि गल्लीतल्या लिंबाला बांधलेला झोका. त्या वर्षी आईला पोस्टकार्ड टाकलं की कॉलेजात काम आहे, दुसऱ्या दिवशी येते. तिचं उत्तर आलं, ‘मे महिन्यात कसलं कॉलेज?’

काम असं होतं.

भाऊंचा विषय थरांच्या स्फटिकांचा. अभ्रकाचे जसे पापुद्रे सुटतात, तसे टँटॅलम आणि गंधक यांच्या एका स्फटिकाचेही सुटतात. चिकटपट्टी लावून ओढली की वरचा पापुद्रा निघतो आणि खाली कोरा, स्वच्छ थर मिळतो. धातूत इलेक्ट्रॉन मोकाट फिरतात असं आपण बारावीला शिकवतो. या स्फटिकात ते तसे मोकाट नसतात. ठरावीक अंतरावर ते गोळा होतात : इथे दाट, तिथे विरळ, पुन्हा दाट. तेरा अणूंमागे एक पुंजका, आणि या पुंजक्यांची स्वतःची एक जाळी, खालच्या अणूंच्या जाळीपेक्षा मोठी. ठिपक्यांच्या रांगोळीत एका ओळीचे ठिपके वरच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतात ना, अगदी तशी. परदेशात या जाळीची चित्रं निघाली होती. भाऊंना ती धुळ्यात काढायची होती, हाताने बनवलेल्या यंत्रावर.

यंत्र म्हणजे मुळात एक सुई. प्लॅटिनमची तार कात्रीने तिरकी कापायची, टोक चांगलं आलं तर नशीब. ही सुई स्फटिकाला टेकू द्यायची नाही, पण टेकायच्या बेतात आणायची. मधल्या फटीतून थोडी वीज पाझरते. फट एका अणूइतकी जरी वाढली तरी पाझर जवळजवळ बंद. सुई ओळीओळीने फिरवत हा पाझर मोजला की कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटतं. इलेक्ट्रॉन दाट असतील तिथे उजळ, विरळ असतील तिथे काळं. हे सगळं शहाबादी फरशीच्या तुकड्यावर बसवलेलं, फरशी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांना टांगलेली, भोवती लाकडी खोकं आणि खोक्याच्या आत कापूस ठासलेला. बाकी कशाची नसली तरी कापसाची आम्हाला कधी टंचाई नव्हती.

जानेवारीत, थंडीत, पहिलं चित्र आलं. उजळ ठिपक्यांच्या ओळी. एक ओळ जवळजवळ आडवी, बाकीच्या दोन तिरक्या. सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि परत पाहिलं. मग स्वतः जाऊन सगळ्यांसाठी जिलेबी आणली.

मार्चमध्ये पुण्याचे एक प्राध्यापक आले होते, त्यांना सरांनी कौतुकाने फोटो दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, “सुरेख आहे. पण हे स्फटिकातलं कशावरून? तुमच्या यंत्रातूनच उमटलं नसेल कशावरून?”

आम्ही सांगितलं, सुईचा वेग बदलून पाहिलाय, नक्षी टिकते.

“ते ठीक. पण स्फटिक फिरवून पाहिलात का? स्फटिक फिरला की नक्षी फिरली पाहिजे. नाही फिरली, तर ती तुमच्या यंत्राची.”

बरोबरच होतं ते. स्वयंपाकघरात दूध लागल्याचा वास येतोय की नाकातच बसलाय, हे बघायला बाहेर जाऊन यावं लागतं.

भाऊंच्या प्रबंधात नवीन म्हणावं असं हे एकच प्रकरण होतं. बाकी सगळं मोजमाप इतरांनी आधी केलेलं. त्यांची रजा मे अखेर संपत होती, पीएच.डी.च्या नोंदणीची मुदतही त्याच सुमाराला. जळगावला परत रुजू झाल्यावर चार वर्ग, प्रॅक्टिकल, परीक्षा. त्यात यंत्र धुळ्यात. रजा संपण्याआधी प्रबंध गेला नाही तर तो कधीच जाणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. बायको-मुलं जळगावला, हे इथे एका खोलीत, शनिवारी पारोळ्यावरून जाणारी गाडी पकडायची आणि सोमवारी परत यायचं, असं त्यांनी रजेचा सगळा काळ काढला होता.

म्हणून फिरवायचं ठरलं. स्फटिकाची टिकली एका षटकोनी नटावर चांदीच्या लेपाने चिकटवलेली होती. नट बसायला खाली तशीच सहा कोनांची खाच, म्हणजे तो जरासुद्धा हलू नये. ही बैठक भाऊंनी स्वतः कानशीने घासून बनवली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. फिरवायचं म्हणजे नट चिमट्याने उचलायचा, एक पैलू पुढे करून परत खाचेत ठेवायचा. पण भाऊ विचारात असले की आत्ता फिरवला की फिरवायचा आहे, हेच विसरायचे. सहाही बाजू सारख्या, बघून कळायचं नाही. शेवटी मी घरून नेलपॉलिशची बाटली आणली आणि नटाच्या एका बाजूवर लाल ठिपका दिला.

“आता नटालाही नटवलंत का?” सर म्हणाले.

एप्रिलमध्ये एकदा नट फिरवून चित्र मिळालं. गढूळ होतं. पण ओळी दिसत होत्या, आणि आडवी ओळ आडवीच होती. नक्षी फिरली नव्हती.

त्या दिवसापासून खोलीतलं बोलणं कमी झालं. गढूळ चित्रावर विश्वास ठेवू नये, एकदा शांतपणे, स्वच्छ चित्र घेऊन खात्री करावी, एवढ्या आशेवर भाऊ होते. शांतपणा मिळवणं माझ्याकडे आलं, कारण याद्या करायची सवय मला. खोलीच्या दारामागे मी कागद लावला : हादरे कुठून येतात. पांझरा नदीपलीकडची कापसाची जिनिंग. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. हायवेवरचे ट्रक. कॉलेजची पाण्याची मोटर. आमचाच कूलर. शेजारच्या बिल्डिंगचं बांधकाम. एकेक बंद असेल असा दिवस शोधत गेले, आणि सगळे एकदम बंद असणारा दिवस एकच निघाला. आखाजी. त्या दिवशी खानदेशात कोणी दळत नाही, पिंजत नाही, बांधत नाही. शेतावरचा सालदारसुद्धा जुनं साल संपवून मोकळा होतो. ट्रक तेवढे राहिले, पण तेही कमी.

सरांनी यादी वाचली. “कूलर बंद म्हणजे आपण उकडून मरणार.”

“मरणार नाही. खिडक्यांना ओली पोती लावते.”

“आणि तुमचं माहेर?”

“ते यादीत नाही.”

*

सकाळी लवकर गेले. नानांनी पोती भिजवून ठेवलेली होती. भाऊ आधीच आलेले; दाढी केलेली, पांढरा सदरा, जणू परीक्षेला बसायचंय. मी मोटर बंद केली, पंखा बंद केला, कूलरची वायर काढली, दारामागच्या कागदावर एकेकापुढे खूण केली. देवपूर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. गिरणी नाही, ठोकाठोक नाही.

सुई खाली आणायला वेळ लागतो. भाऊंचा हात स्क्रूवर, सरांची नजर मीटरवर. काटा हलला. “थांबा,” सर म्हणाले. भाऊंनी हात काढून घेतला, असा की जणू तवा तापलाय.

पडद्यावर पहिली ओळ आली, दुसरी आली. दहाएक ओळींनंतर आमच्या तोंडचं पाणी पळालं. ठिपके होते, पण सगळं चित्र लाटेवर बसल्यासारखं. उजळ होत जाई, काळं होत जाई, पुन्हा उजळ. मोठी, संथ, एकसारखी लाट.

“ट्रक?” सर म्हणाले.

“ट्रक असा नसतो,” भाऊ म्हणाले. “ट्रक येतो आणि जातो. हे थांबतच नाही.”

मी दारामागची यादी पुन्हा वाचली. सगळ्या खुणा झालेल्या. मग नुसतीच उभी राहिले आणि ऐकलं. मागच्या बाजूने करकर येत होती. संथ. एकदा, थोडं थांबून पुन्हा. आणि बायकांचा हसण्याचा आवाज.

मागच्या दाराने बाहेर गेले. आमच्या खोलीला लागून मागे एक पडवी आहे. तिच्या तुळईला जाड दोर बांधलेला, दोराला पाट, पाटावर नानांची लेक उभी, नव्या साडीचा पदर खोचलेला. चांगला उंच झोका चढवला होता. तिच्या दोन मैत्रिणी खालून गाणं म्हणत होत्या. नाना बाजूला खाटेवर बसून बघत होते, तोंडभर हसू.

तुळई आमच्याच भिंतीत बसवलेली. प्रत्येक झोक्याला ती भिंत जराशी ओढत होती आणि जराशी सोडत होती. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, सुईला दिसत होतं.

आखाजीला झोका असतो हे मी विसरले कशी, असं कोणीही विचारेल. विसरले नव्हते. माझ्या डोक्यात झोका म्हणजे धरणगावचा, लिंबाचा. दर आखाजीला मी तिथे असायचे, त्यामुळे विभागाच्या पडवीत दर वर्षी काय चालतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. सगळा खानदेश बंद असतो म्हणून मी हा दिवस निवडला, आणि त्या दिवशी जी एकच गोष्ट चालू असते ती आमच्या भिंतीला टांगलेली होती.

“नाना, झोका थांबवावा लागेल,” मी म्हणाले.

नानांचं हसू गेलं. “ताई, आखाजीना दिन शे.”

“माहितीये नाना. पण आत भाऊंचं काम आहे. शेवटचं.”

झोका हळू झाला. लेक पाटावरूनच म्हणाली, “मी वरीसमा एकदाव येस, ताई. तुम्हनं यंत्र तं बारा महिना आठेच शे. ते काय माहेरवाशीण शे का, तेना इतला लाड?”

मैत्रिणी खो-खो हसल्या. मलाही हसू आलं, आणि आठवलं की धरणगावच्या झोक्यावर त्या दिवशी माझी जागा रिकामी होती.

“माहेरवाशीणच समज,” मी म्हणाले. “आजच्या दिवस. चित्र निघतं तेवढा वेळ थांब, मग मी हाक मारते, मग खेळ. पुन्हा थांब म्हटलं की थांब.”

“म्हंजे तुम्हनी शिट्टी वाजी आनि आम्ही उतरी जावो!” पण ती उतरली. पाटावर बसून राहिली, पाय जमिनीला टेकवून, झोका अडवून धरल्यासारखी.

आत आले. आता चित्र आलं. एक ओळ, दुसरी ओळ, आणि ठिपके जागच्या जागी. जानेवारीपेक्षा चांगलं. आडवी ओळ अगदी स्पष्ट, तिच्यावर तिरक्या दोन. भाऊंनी श्वाससुद्धा हळूच सोडला. चित्र साठवलं, प्रिंटरला पाठवलं, सुई वर घेतली. मी पडवीकडे तोंड करून हाक दिली, “खेळा!” आणि करकर लगेच सुरू झाली.

भाऊंनी चिमट्याने नट उचलला. एक पैलू फिरवला. खाचेत ठेवला. मी वाकून लाल ठिपका पाहिला, फिरला होता. “फिरला,” मी म्हणाले. सुई पुन्हा खाली. “थांबा!” मी पडवीला ओरडले. करकर बंद झाली.

पडदा भरत गेला तसे भाऊ पुढे वाकत गेले. निम्मा पडदा भरला आणि ते खुर्चीत मागे टेकले. पुढचं बघायची गरज नव्हती. आडवी ओळ. तिच्यावर तिरक्या दोन. तेच.

चित्र पूर्ण झालं, मग मी उगाचच पडवीकडे जाऊन “खेळा” सांगून आले.

आत परत आले तेव्हा भाऊ कागद आवरत होते. हळूहळू, काठ जुळवून.

“संपलं सर,” ते म्हणाले. “यंत्राचीच नक्षी होती. हे प्रकरण काढून टाकतो.”

“काढून काय टाकता?” सर एकदम चढ्या आवाजात म्हणाले. “मग राहतं काय प्रबंधात? जानेवारीचं चित्र चांगलं आहे. ते लावा. परदेशातल्या चित्राशी जुळतं. अंतर जुळतं. कोण तुम्हाला फिरवून दाखवा म्हणणारे?”

“ते पुण्याचे म्हणाले.”

“ते परीक्षक नाहीत!”

“सर, फिरवलं आणि बदललं नाही, हे मला आता माहीत आहे. माहीत नसल्यासारखं कसं लिहू?”

“आणि जळगावला जाऊन काय सांगाल? एवढी रजा घेतली आणि हात हलवत आलो?”

भाऊ कागदांचे काठ जुळवत राहिले. सरांनाही आपण जास्त बोललो हे कळलं असावं. ते उठून खिडकीपाशी गेले, ओलं पोतं बाजूला केलं, बाहेरची झळ आत आली तसं परत सोडलं. एवढी वर्षं मी दोघांना ओळखत होते, पण एकमेकांकडे पाठ केलेले त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मला अशा वेळी काही सुचत नाही. हात रिकामे राहिले की आणखी सुचत नाही, म्हणून आवरायला लागले. नट खाचेतून काढून डबीत ठेवायचा होता. चिमट्याने उचलला आणि हातातून सुटता सुटता राहिला. पुन्हा नीट धरून बघते तर लाल ठिपका माझ्या बाजूला नाही. मी म्हटलं, आपण हा मुळात कुठे ठेवला होता? ठिपका शोधायला नट फिरवून पाहिला. एक बाजू, दुसरी बाजू, तिसरी. सगळ्या सारख्या. आणि मग तिथेच थांबले.

“भाऊ,” मी म्हणाले, “हा ठिपका नसता, तर नट फिरला हे आपल्याला कळलं असतं का?”

“नसतं कळलं,” ते कागदातून मान वर न करता म्हणाले. “म्हणून तर लावलात.”

“मग चित्राला कुठे ठिपका आहे?”

त्यांनी मान वर केली. सर खिडकीपासून वळले. एक क्षण दोघांचे चेहरे एकसारखे कोरे होते. मग भाऊंनी हातातला कागद टेबलावर टाकला, वरचं चित्र ओढून घेतलं आणि त्यावर बोटाने तीन रेघा ओढल्या. आडवी, तिरकी, तिरकी. सहा दिशा. रांगोळीचा एक ठिपका मध्ये, भोवती सहा. एक पैलू फिरवला की पहिला दुसऱ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या जागी. सगळे हलले आणि काहीच हललं नाही.

“आपण अख्खा पैलू फिरवत होतो,” भाऊ म्हणाले.

“नटाला दुसरं बसताच येत नाही,” सर म्हणाले. मग कपाळावर हात मारून खुर्चीत बसले. “तीन एम.एस्सी. माणसं या खोलीत. दर वर्षी पोरांना षटकोनी जाळी शिकवतो मी. फळ्यावर काढून, फिरवून दाखवतो!”

अर्धा पैलू फिरवला पाहिजे होता. मग आडवी ओळ राहणार नाही; एक ओळ सरळ उभी येईल. एवढी साधी परीक्षा. पण खाच सहाच कोनांची, भाऊंच्या अभिमानाची, अर्ध्या पैलूला जागाच नाही. गोल बैठक हवी. लेथवाला हवा. आणि बाहेर आखाजी. आग्रा रोडला एकही शटर उघडं नव्हतं, ते मीच हेरून ठेवलेलं.

“उद्या करू,” सर म्हणाले.

“उद्या जिनिंग सुरू,” मी म्हणाले. “गिरणी सुरू. बांधकाम सुरू.”

भाऊ म्हणाले, “नट नाही फिरत तर टिकली फिरवतो.”

म्हणजे चिकटलेली टिकली नटावरून सोडवायची, अर्धा पैलू वळवायची आणि पुन्हा चिकटवायची. तसं करायला कोणी सांगत नाही. टिकली पापडापेक्षा नाजूक. ब्लेड जरा खोल गेलं की भुगा. गुजरातेतल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेने काचेच्या नळीत पाठवलेल्या टिकल्यांपैकी धड अशी ती एवढीच राहिली होती. सरांनी खणातून भिंग काढलं.

मी पडवीत गेले. “आता जरा जास्त वेळ थांबायचं. पाटावरसुद्धा नको, खाली या.”

नानांच्या लेकीने माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे, लगेच उतरली. पाट उलटा करून भिंतीला टेकवला.

भाऊंनी अर्ध्या ब्लेडने लेप खरवडायला घेतला. सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. घाम खाली पडू नये म्हणून मी त्यांच्या कपाळाला रुमाल लावून उभी. सर भिंग धरून. टिकलीची एक कड सुटली. मग दुसरी. मग कुठेतरी बारीक ‘टक्’ झालं आणि आम्ही तिघेही दगड झालो.

कोपऱ्याचा तुकडा उडाला होता. टिकलीचा मोठा भाग ब्लेडवर शाबूत होता.

टिकलीची एक कड सरळ होती, ती आधी नटाच्या बाजूला समांतर होती. आता भाऊंनी तीच कड नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंचे मध्य जोडणाऱ्या रेषेवर आणली. कोनमापकाने नाही, नजरेने; तेवढ्याशा जागेत कोनमापक कुठे बसणार? नवा लेप लावला. इतर वेळी तो वाळायला ताटकळावं लागतं, त्या दिवशी मेमधल्या धुळ्याने ते काम झटक्यात केलं. चिकटपट्टीने वरचा पापुद्रा काढला. नट खाचेत, लाल ठिपका पहिल्याच जागी.

सुई उतरायला पुन्हा वेळ. एकदा टेकली आणि वाकली; नवी तार कापली. ती बरी निघाली. मीटरचा काटा हलला.

पडदा भरायला लागला. उन्हाने सगळं सरकत होतं, हे लगेच कळलं; ठिपके कलंडल्यासारखे, वाऱ्यातल्या पिकासारखे. कूलर बंद ठेवून हादरा गेला होता, पण उष्णतेने फरशी, स्क्रू, सुई धरणारी नळी, सगळं कणाकणाने वाढत होतं. सर पुटपुटले, “सरकतंय, सरकतंय.” भाऊंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. विभागप्रमुखांना.

ओळी येत गेल्या. मी आडवी ओळ शोधत होते आणि ती सापडत नव्हती. निम्म्या पडद्यावर आलं तेव्हा एक ठिपका, त्याच्या खाली एक, त्याच्या खाली एक. जरा कललेली, पण उभी. ओळ उभी होती.

“फिरली,” भाऊ म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, “फिरली ती.”

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी प्रिंट काढली. मग पडवीत जाऊन हाक मारली. पाट लावला गेला, करकर सुरू झाली, आणि नानांच्या लेकीने मला ओढत नेऊन म्हटलं, “आते तुम्ही बसा.” बसले. साडी खोचून, सेमिनारला घालायच्या चपला काढून ठेवून. तिने मागून ढकललं.

जेवण नानांच्या घरी. आमरसाची तिसरी वाटी घेताना सर म्हणाले, “मघाशी मी जे बोललो ते...”

“काय बोलला होतात सर?” भाऊ म्हणाले. “मला रस वाढा.”

जेवण झाल्यावर मात्र भाऊ पुन्हा खोलीत गेले आणि दोन्ही चित्रांवर पट्टी ठेवून कोन मोजायला बसले. सरकण्यामुळे एकदा कमी येई, एकदा जास्त. नेमका अर्धा पैलू फिरली, असं म्हणता येत नव्हतं. फिरली एवढं म्हणता येत होतं.

“एवढं पुरे आहे,” सर म्हणाले.

“मी दोन्ही लिहितो,” भाऊ म्हणाले. “फिरली हेही, आणि किती ते नीट मोजता आलं नाही हेही.”

तसंच लिहिलं. प्रबंध रजा संपण्याआधी गेला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, मग मोजणार कसं? भाऊंनी सांगितलं, गोल बैठक, कडेला अंशांच्या खुणा, थंडीच्या दिवसात, एकेक पायरी फिरवत. परीक्षक म्हणाले, चांगलं आहे, करा. पदवी मिळाली.

भाऊ जळगावला गेले ते तिथलेच झाले. सर निवृत्त झाले. पेपर तपासणीच्या शिबिरात दर वर्षी भाऊंची गाठ पडते. ते गठ्ठ्यावरून मान वर न करता विचारतात, “ताई, बैठक झाली का?” मी म्हणते, होईल. पितळेचा गोल तुकडा आणलेला आहे. माप काढून ठेवलं आहे. लाल ठिपक्याचा नट माझ्या टेबलाच्या खणात आहे, टिकली अजून त्यावर चिकटलेली, एक कोपरा उडालेली. लेथवाल्याकडे दोनदा जाऊन आले. एकदा त्याचं दुकान बंद होतं, एकदा माझ्याजवळ तुकडा नव्हता.

दारामागचा कागद बदलला, जुना पिवळा पडला होता. नव्यावर हादऱ्यांच्या यादीत ‘झोका’ घातला आहे. आणि सगळ्यात वर, नवीन वर्षाच्या कामांत : गोल बैठक करून घेणे.